खळ लावलेलं मांजर

धाकट्या भावाचा हेवा वाटावा असं त्याच्याजवळ काही नव्हतं. बायको तापाने गेलेली, मूलबाळ नाही, डोक्यावर वडिलांचंच छप्पर आणि हातात वडिलांच्याच मागाचा धोटा. नागपूरच्या पाचपावलीतल्या आमच्या घरात तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणत बसे. मी मात्र इंग्रजी शिकलो, सचिवालयात कारकून झालो, सायकल घेतली, मुलगी उमरेडला चांगल्या घरी दिली. असं सगळं असून एक सबंध उन्हाळा मी या भावावर जळत होतो, आणि तेही एका मांजरापायी. हे लिहिताना कान गरम होतात. पण न लिहिताही ते होतातच, हे इतक्या दिवसांत कळून चुकलं आहे.

ते मांजर मीच घरात आणलं होतं.

आमचे साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाले, तेव्हा त्यांच्या बंगल्यातलं सामानसुमान वाटलं जात होतं. सिव्हिल लाइन्समधल्या त्या बंगल्यावर मी रोज सकाळी सहीचे कागद घेऊन जाई, आणि सही होईपर्यंत व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या मांजराकडे बघत उभा राही. मला तिथे कधी कोणी खुर्ची दिली नाही. मांजराला तिची स्वतःची होती. हेवा म्हणाल तर तिथपासूनच आहे. शेवटच्या आठवड्यात मडमने विचारलं, हिला कोण सांभाळील? शेजारी उभ्या असलेल्या हेडक्लार्कने तोंड उघडायच्या आत मी "मला द्या" म्हणून मोकळा झालो.

मडमने मला समोर उभं करून धडा दिला. "रोज कंघी मांगता. पानी बिलकुल नहीं मांगता. बाल में कुछ नहीं लगाने का." मग मांजराच्या मानेत तोंड खुपसून ती रडली. मी कागद सावरत दुसरीकडे बघितलं.

त्या मांजराचं मूळही तिनेच सांगितलं. हिवाळ्यात हिंग आणि सुका मेवा घेऊन काबुली येतात. त्यांच्या आधीच्या पिढीतले काबुली घोडेही आणत. त्यांच्याच तांड्याबरोबर, टोपलीत बसून, या मांजराची पणजी हिंदुस्थानात उतरली. म्हणून आपल्याकडे याला काबुली मांजर म्हणतात. पण काबुल्यांना विचारावं तर ते म्हणतात, हे आमच्याकडचं नव्हे, हे इराणातलं, खुरासानच्या थंड डोंगरांतलं. आणि इराणातले कोणी भेटले असते तर त्यांनीही बहुधा उत्तरेकडे बोट दाखवलं असतं. विलायतेत जुन्या काळीच जहाजांतून ही मांजरं गेली. तिथल्या लोकांनी त्यांच्या जोड्या जुळवून, वंशावळी ठेवून, त्यांची एक खानदानी जातच ठरवून टाकली. म्हणजे जिथे जाईल तिथल्या लोकांनी हिला दुसऱ्या मुलखातली म्हटलं होतं. मला ते ऐकून मांजराबद्दल एकदम आपलेपणा वाटला. कचेरीत मी कोष्टी होतो आणि कोष्ट्यांच्या गल्लीत मी बाबू होतो.

दिवाळीनंतर मी टांग्यातून ती टोपली घरी आणली. गल्लीतल्या बाया ओट्यावर जमल्या. टोपलीचं झाकण काढलं तशी माझी बायको शेजारणीला म्हणाली, "अवं, हे मांजर हाये का मेंढी वं?"

मेंढी म्हणण्यासारखंच ते ध्यान होतं. रंग पांढरा, पण पाठीवर धुराचा हात फिरल्यासारखी झाक. डोकं वाटोळं, कान इतके लहान की केसांत शोधावे लागत. नाक मुळात कमी, तेही कोणी ओल्या मातीत अंगठ्याने दाबावं तसं आत गेलेलं. डोळे पिकल्या संत्र्याच्या सालीच्या रंगाचे, मोठे, आणि त्यांत नेहमी थोडी नाराजी. पाय आखूड आणि जाड, म्हणून चालताना ती चालत नसे, सरकत असे. गळ्याभोवती केसांचा गळपट्टा. शेपूट तर आमच्या पाजणीच्या कुंच्यासारखी. ताण्याच्या उभ्या सुताला पेज चोपडायला जो जाड, दाट, गवती कुंचा लागतो ना, तशी.

स्वभाव त्याहून वेगळा. आमच्या गल्लीतली मांजरं भिंतीवरून उड्या मारतात, दुधाच्या भांड्यावर डोळा ठेवतात, एकमेकांशी भांडून मोहल्ला उठवतात. हिला उडी माहीत नव्हती. उंदीर समोरून गेला तर ती मान वळवून बघे आणि परत सरळ करी, एखाद्या मोठ्या माणसाने रस्त्यातल्या तमाशाकडे बघावं तशी. आवाज जवळजवळ नाहीच. तिला काय हवं ते माणसाने समजून घ्यायचं. आणि कोणी उचललं, ओढलं, पोरांनी शेपूट धरली तरी पंजा काढायची नाही; फक्त थोड्या वेळाने उठून दुसरीकडे जायची. जो माणूस एका जागी स्वस्थ बसेल त्याच्याच मांडीवर ती येई. हिवाळाभर तो माणूस मी होतो. कचेरीतून येऊन मी शाल पांघरून माझ्या खोलीत वाचत बसे आणि ती येऊन मांडीवर गोळा होई.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ होता, असं म्हटलं तर बायकोला राग येईल, पण तो होता. संध्याकाळी लोक मांजर बघायला येत. मी काबुल सांगे, खुरासान सांगे, जहाज सांगे. मडमचा बारीक आवाज काढून "पानी बिलकुल नहीं मांगता" म्हणे आणि गल्ली हसे. एकदा माझी कथा रंगात आलेली असताना वडील मागावरून म्हणाले, "येवढ्या दुरून आली म्हनते. काहून गा, तिकडचे उंदरं सरले होते का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. आता वडिलांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी माग सोडून कचेरीत गेलो म्हणून वडील मला कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मागाची बोलणी माझ्याशी करणं बंद केलं. सूत ओलसर आहे की कोरडं, काठाचं रेशीम कोणाकडून आणलं, फणी बदलायला झाली का, हे सगळं ते भावाशी बोलत. माझ्याशी जेवण, पाणी, तब्येत. मी सीताबर्डीहून त्यांना चष्मा आणला, धोतरजोडी आणली, लोकरीची बंडी आणली. "ठेव तिथं," म्हणत. चष्मा अजून कोनाड्यात असेल. पण मांजर आलं त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर ते उठून जवळ आले, वाकले, तिच्या पोटाजवळचे केस अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळले. सूत पारखतात तसे. डोळे मिटले.

"शंभर नंबरी हाये," ते भावाला म्हणाले. "याच्याहून बारीक मी नाई पायलं." मग माझ्याकडे बघून, "चांगली आनली गा."

मी आणलेल्या कुठल्याही वस्तूला त्यांनी त्याआधी चांगलं म्हटलं नव्हतं. म्हणून ती मांजर माझी असणं, आणि ती माझी आहे हे वडिलांच्या डोळ्यांसमोर रोज दिसणं, याची मला किती गरज पडली ते मी सांगू शकत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला अशी गरज पडू नये. पडली खरी.

होळी झाली आणि नागपूरचं ऊन चढलं. साहेब लोक उन्हाळ्यात सगळं बिऱ्हाड घेऊन पचमढीच्या डोंगरावर जात, मांजरही जाई. म्हणजे तिने नागपूरचा उन्हाळा कधी बघितलाच नव्हता, आणि मी घेताना हे विचारात घेतलं नव्हतं. अंगावर डोंगराळ मुलखातलं रजईएवढं पांघरूण आणि बाहेर आमची लू. ती तोंड उघडून कुत्र्यासारखी धापा टाकू लागली. माठाच्या बुडाशी बसून पाहिलं, मोरीत बसून पाहिलं, चुलीमागच्या सारवलेल्या जमिनीवर पोट टेकून पाहिलं. आणि एका दुपारी तिला घरातली सगळ्यांत थंड जागा सापडली.

मागाचा खड्डा. विणणारा जमिनीच्या काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून तळच्या फळ्या दाबतो. खड्ड्यातली माती कायम ओलसर ठेवतात, कारण कोरड्या हवेत बारीक सूत तटातट तुटतं. बाहेर अंगण भाजत असतं तेव्हा त्या खड्ड्यात रांजणातल्यासारखा गारवा असतो. मांजर तिथे उतरली, भावाच्या डाव्या पायाच्या मागे कोपऱ्यात बसली, आणि तिची धाप थांबली.

मी कचेरीतून आलो तेव्हा भाऊ विणता विणता हसत होता. "दादा, पाह्य ना गा," तो म्हणाला. "तुही काबुलीन कोष्टीन झाली."

मी खड्ड्यावर वाकून तिला हाक मारली. तिने संत्र्याचे डोळे माझ्याकडे केले आणि मिटले.

"राहू दे तिले," वडील म्हणाले. "बैठक जमली तिची. मले तं वाटते, मागच्या जल्मी आपल्याच आळीतली असन."

त्या दिवसापासून घरात एक नवीन बोलणं सुरू झालं, आणि त्यात मी नव्हतो. वडील ओट्यावरून विचारत, "बाई काय करून राहिली?" भाऊ खाली बघून सांगे, "झोपून राहिली." "पाय जपून दाब गा, शेपटी यीन खाली." "नाई, ते सोताच जपते." भाऊ बायको गेल्यापासून कामाशिवाय तोंड उघडत नसे. आता तो विणताना मांजराशी बोलू लागला. काय बोले ते धोट्याच्या खटखटीत ऐकू येत नसे. मी माझ्या खोलीच्या दारात, कचेरीचे कपडे तसेच अंगावर, ऐकू येतं का म्हणून उभा राही.

मला आनंद व्हायला हवा होता. भाऊ बोलू लागला, वडील हसू लागले. चांगल्या माणसाला झाला असता. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो की हेडक्लार्कच्या आधी तोंड कोणी उघडलं, टांगा कोणी केला, आणि मांडी कोणाची.

मग माझे उपाय सुरू झाले. मी खोलीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला आणि बायकोला त्यावर दुपारभर पाणी मारायला सांगितलं. मटणाचे बारीक तुकडे करून ताटलीत ठेवले. मांजर आली, तुकडे खाल्ले, तोंड पुसलं आणि खड्ड्यात गेली. रविवारी मी तिला उचलून आणून दार लावून घेतलं. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती दाराकडे तोंड करून बसली आणि तशीच बसून राहिली, पाठ माझ्याकडे. मी तिच्या पाठीकडे बघत वर्तमानपत्र धरून बसलो.

बायकोने बाहेरून कडी वाजवली. "अवो, मांजर हाये ते, कैदी नाई. सोडा तिले."

"बाहेर गरम आहे."

"अंदरही गरमच हाये. तुमचं डोस्कंच गरम हाये," ती म्हणाली. मी दार उघडलं.

वैशाखात इतवारीच्या दुकानातून एक लुगडं परत आलं. तलम काम होतं, मोतिया रंगाचं, किरमिजी काठाचं, आणि त्या काठात आतपर्यंत विणले गेलेले लांब पांढरे केस होते. गिऱ्हाइकाने हात फिरवला आणि सोडून दिलं, असं दुकानदाराचा माणूस सांगून गेला. आमच्या घरून कापड परत येण्याची गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. वडिलांनी लुगडं उजेडात धरलं. भावाने मान खाली घातली. दोघांचे चेहरे मी बघत होतो, आणि माझ्या छातीत जे झालं त्याला आनंदाशिवाय दुसरा शब्द मला सापडत नाही.

"म्हणूनच म्हणत होतो," मी म्हटलं, "तिला माझ्या खोलीत राहू द्या."

"तिथं मरन ते उकाड्यानं," भाऊ म्हणाला. एवढंच. वडील काठातला एक केस सुईच्या टोकाने ओढून बघत होते.

"झडतो काहून?" ते म्हणाले. "सुताचं तूस उडते, तं आपन काय करतो? खळ देतो. पाजनी केली का तूस बसते. हे तं सुताहून बारीक हाये."

भाऊ वर बघू लागला. ज्याने आयुष्यभर सूतच हाताळलं त्याला ते अगदी पटण्यासारखं होतं. ताणा गल्लीत ताणून त्यावर तांदळाच्या पेजेची खळ कुंच्याने देतात. धाग्यावरचं सगळं तूस, म्हणजे उडणारी लव, बसतं आणि धागा नीट, चकचकीत होतो. कोष्ट्याच्या घरात तूस उडण्यावर दुसरा उपाय कोणाला सुचत नाही.

"हलकी देऊ," भाऊ म्हणाला. "पातळ." आणि मग माझ्याकडे वळून त्याने सरळ विचारलं, "दादा, तुले ठाऊक असन. मडमनं काई सांगतलं होतं का केसायचं?"

मी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. त्याच्या धोतराला, गुडघ्यापासून खाली, पांढरे केस चिकटलेले होते.

"कंघी करायला सांगितलं होतं," मी म्हणालो. "रोज."

हे खोटं नव्हतं. बायको आत पीठ मळत होती. तिचा हात थांबलेला मला दारातून दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, गल्लीत आमच्या ताण्याची पाजणी होती. खांबांना बांधलेला ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला, वडील एका बाजूने आणि भाऊ दुसऱ्या बाजूने कुंचा ओढत चाललेले. काम झाल्यावर तसराळ्यात खळ उरली. भावाने मांजराला आणून ओट्यावर बसवलं आणि वडिलांनी तिच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत कुंचा फिरवला. एकदा, दोनदा, आणि मग सवयीचा हात थांबेना. पोट, गळपट्टा, मांड्या. गल्ली गोळा झाली. "काबुलीनीचा ताना लावला हो!" कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "काठ कोनता घालता, बाबा?" वडील हसत होते. मांजराने एकदाही पंजा उगारला नाही. ती डोळे बारीक करून बसून राहिली, जणू हेही पूर्वी कुठल्यातरी मुलखात होऊन गेलं होतं.

मी सायकल बाहेर काढली आणि कचेरीत गेलो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडालाच मला एक आवाज ऐकू आला आणि तो कशाचा ते कळलं नाही. तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. उन्हात खळ वाळून तिचं अंग पापडासारखं ताठ झालं होतं. चालताना केसांचे झुबके एकमेकांवर घासत. तिने चाटून चाटून वरची खळ ओली केली, ती आत मुरली, आणि आतले मऊ केस एकमेकांत गुंतून कातडीपर्यंत त्यांचा नमदा झाला. आणि पेजेच्या वासाने मुंग्या आल्या होत्या. भाऊ माग सोडून दुपारपासून तिच्या अंगावरच्या मुंग्या एकेक वेचत बसला होता. त्याने जेवणही केलं नव्हतं.

कोमट पाण्याने धुऊन पाहिलं. पाण्याने गाठी आणखी आवळल्या. शेवटी वडिलांनी मागावरची कात्री भावाच्या हातात दिली. "काप," ते म्हणाले. "सारं काप. माह्याच अकलेनं झालं हे. म्हातारा झालो गा मी." आणि ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

मी चुलीपाशी पाणी प्यायला गेलो. बायको भाकर थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पानी बिलकुल नहीं मांगता. बाल में कुछ नहीं लगाने का. हिवाळाभर तोंड वाकडं करकरून साऱ्या गल्लीले हसवलं तुमी. आन काल इचारलं तं फकत कंघी आठोली?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मामाजीले सांगा," ती म्हणाली. "ते भितीकडं तोंड करून पडले हायेत. नाई तं मी सांगीन."

मी आधी भावाकडे गेलो. तो ओट्यावर मांजराला मांडीत घेऊन कातडीला धक्का न लावता एकेक गाठ कापत होता. शेजारी कापसाएवढा ढीग पडला होता. मी उभ्याउभ्याच म्हणालो की मला माहीत होतं. मडमने सांगितलं होतं, पाणी लावायचं नाही, केसांना काही लावायचं नाही.

कात्री थांबली. "मंग सांगतलं काहून नाई?"

"ती तुझ्याजवळ बसते म्हणून."

त्याने मान वर केली. मला वाटलं होतं तो चिडेल. तो खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होता आणि ते मला सहन होईना. "माह्याजवळ?" तो म्हणाला. "दादा, ते खड्ड्यात बसते. थंड लागते तिले. माह्याजवळ काय हाये?" आणि पुन्हा तो कापू लागला.

आत जाऊन मी वडिलांना तेच सांगितलं. त्यांनी कूस बदलली नाही. तसेच भिंतीकडे तोंड ठेवून म्हणाले, "आयकलं." ते अजून जागे आहेत आणि त्यांनी ऐकलं आहे, एवढंच त्यातून कळलं.

केस कापल्यावर आतून जे निघालं त्याला कोणी काबुली म्हटलं नसतं. गुलाबी कातडी, मोठं डोकं, बारीक मान, आखूड पाय. गल्लीच्या पोरांनी तिला घुबड म्हणायला सुरुवात केली. बघायला येणारे बंद झाले. पण ती आता धापा टाकत नव्हती. उन्हातही आरामात हिंडे. आणि मला लाज वाटते सांगायला, त्या दिवसांत मला पुन्हा आशा वाटू लागली. भाऊच म्हणाला होता ना, खड्ड्यात थंड लागतं म्हणून बसते. आता तिला थंडाव्याची गरज नव्हती. मी रोज कचेरीतून येऊन खोलीचं दार उघडं ठेवी आणि शक्य तितका स्थिर बसे. ती दारावरून जाई. एकदा उंबऱ्यात थांबली, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी श्वास रोखला. ती निघून गेली.

आषाढात खड्ड्यात पाणी झिरपलं. पावसाळी हवेत पाजणी वाळत नाही, ताणे लागत नाहीत, माग बंद पडतात; कोष्ट्यांचे ते रिकामे दिवस. खड्ड्यावर फळी टाकलेली. भाऊ दिवसभर ओट्यावर भिंतीला टेकून बसे, हाताला काम नाही, आणि ती मांजर, नुकतेच बोटाएवढे केस फुटलेली, त्याच्या मांडीवर. खड्डा नव्हता. उकाडा नव्हता. कारण म्हणून सांगायला आता काही उरलं नव्हतं. बायको नव्हती, मूल नव्हतं, तरी त्याच्याजवळ असं काहीतरी होतं की मांजराला ते कळत होतं, आणि मी जन्मभर शेजारी राहून मला ते दिसलं नव्हतं.

एका रविवारी मी जाऊन त्याच्या बाजूला बसलो. का ते सांगता येत नाही, खोलीत बसवेना. भावाने माझ्याकडे बघितलं, काय समजला कोणास ठाऊक, मांजराला दोन्ही हातांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "घे गा दादा. तुहीच तं हाये."

ती बसली. परक्याच्या घरी माणूस बसतो तशी, अंग चोरून. मग उठली आणि परत त्याच्याकडे गेली. भाऊ ओशाळला. "येन ते हळूहळू," तो म्हणाला. मी हात मांडीवर तसेच ठेवून बसलो.

वडील आतून हे बघत होते. केस कापल्या दिवसापासून ते माझ्याशी जेवण-पाण्याचंही बोलले नव्हते. ते उठले, कोपऱ्यातला सूत भरायचा रहाट उचलून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. शेजारी सुताची लडी आणि रिकाम्या कांड्यांचं टोपलं. धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचं हे काम, आमच्यात बाया करतात किंवा पोरं.

"बसलाच हाये तं कांड्या भर," ते म्हणाले. "पानी उघडलं का माग चालू होईन."

मी भरू लागलो. लहानपणी भरल्या होत्या; हात विसरला होता. सूत कधी तुटे, कधी सैल जाई. गल्लीतले दोघेतिघे येता-जाता थांबले; बाबू कांड्या भरतो आहे ही मांजराहून मोठी गंमत होती. मी मान वर केली नाही. वडिलांनी माझी पहिली कांडी उचलली, अंगठ्याने दाबली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे कांडी हाये का कुत्र्याचं शेपूट गा? ढिली, पार ढिली! धोट्यात अर्ध्यावर गुतन हे. उसव, आन पुन्हा भर!"

हा आवाज मी ओळखत होतो. हा भावाला मिळत असे. लहानपणापासून, शाळेची पुस्तकं मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसलो असताना, मी तो ऐकत आलो होतो, आणि मला वाटे की भाऊ किती दुर्दैवी.

भावाने हसू लपवायला तोंड फिरवलं. त्याच्या मांडीवर मांजर झोपली होती, आणि ते मला अजूनही खुपत होतं. मी कांडी उसवली आणि पुन्हा भरायला घेतली.